पहिले वकीलपत्र स्वतःचे

कायद्याच्या प्रवेशासाठी धडपडणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना,



साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी गेली बावीस वर्षे वकिली करते आहे. दर पावसाळ्यात माझ्या ऑफिसात पक्षकारांच्या बरोबरीने तुमच्या वयाची मुलेमुली येतात. कुणी कराडहून, कुणी पाटण-मेढ्याकडून, कुणी आईला घेऊन, कुणी एकटेच. प्रश्न एकच असतो : ‘मॅडम, लॉच्या ॲडमिशनचं कसं करायचं?’ एकेकाला सांगत बसण्यापेक्षा जे सगळ्यांना सांगायचे आहे ते एकदा लिहून काढावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

आधी दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली एक संध्याकाळ सांगते. कोर्ट सुटले होते, पावसाची झड लागली होती. एक मुलगी वडिलांबरोबर आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली फाईल. “मॅडम, मी ओबीसी आहे, पण मेरिट लिस्टला मला ओपन दाखवलंय.” मी फाईल उघडली. जातीचा दाखला होता, व्हॅलिडिटी होती, नॉन-क्रिमीलेअर होते, सगळे मुदतीतले. म्हटले, लॉगिन करून बघू. ती वडिलांकडे बघायला लागली. पासवर्ड तिच्याकडे नव्हता. फॉर्म तालुक्याच्या गावातल्या एका सायबर कॅफेत भरला होता आणि मोबाईल नंबरही कॅफेवाल्याचाच टाकला होता, कारण ओटीपी त्याच्या फोनवर आला की काम लवकर होते.

त्याला फोन लावला. पाच दिवसांपूर्वी मेसेज येऊन पडला होता : नॉन-क्रिमीलेअरची प्रत वाचता येत नाही, पुन्हा अपलोड करा. त्याच्या फोनवर अशा कितीतरी मुलांचे मेसेज होते, हा राहून गेला. त्रुटी दुरुस्त करायची मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी संपली होती. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फाईल पुन्हा पिशवीत घातली आणि पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. ओपनमधून तिला हवे ते कॉलेज मिळाले नाही, जे मिळाले त्याची फी झेपण्यासारखी नव्हती. वर्ष गेले.

त्या कॅफेवाल्याला मी दोष देत नाही. पण वकीलपत्र म्हणजे काय, याचा मी त्या रात्री नव्याने विचार केला. ‘माझ्या वतीने तुम्ही बोला, सही करा, कागद घ्या, कागद द्या’ असा अधिकार पक्षकार ज्या कागदाने देतो, तो कागद म्हणजे वकीलपत्र. त्या मुलीने नकळत आपले वकीलपत्र अशा माणसाला दिले होते, ज्याला तिचे नावही आठवत नव्हते. तुम्ही उद्या दुसऱ्यांची वकीलपत्रे घेणार आहात. त्याआधी पहिले वकीलपत्र स्वतःचे घ्या. माझे सगळे सांगणे या एका वाक्यात आहे, पुढे त्याचाच तपशील आहे.

सुरुवात मोबाईलपासून. फॉर्मवर नंबर तुमचा किंवा घरातल्या माणसाचा हवा, आणि शेवटची फेरी संपेपर्यंत तो चालू हवा. ईमेल स्वतःचा हवा. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. स्कॅनिंगला, प्रिंटला कॅफेत जरूर जा, पण ‘सबमिट’ हे बटण स्वतः दाबा, आणि दाबण्याआधी भरलेला फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वडिलांच्या नावातली वेलांटी, जन्मतारखेतला एक आकडा, प्रवर्गाची एक खूण, एवढ्यावरून पुढे महिनाभर धावपळ करणारी मुले मी पाहिली आहेत.

आता कुठल्या दारातून आत जायचे ते. महाराष्ट्रात २०१६ पासून कायद्याच्या पदवीला राज्याची सीईटी आहे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेगळी, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेगळी. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस, नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आणि जिल्ह्याजिल्ह्यातली कॉलेजे या दारातली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार मात्र वेगळे आहे. तिथे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅट ही परीक्षा द्यावी लागते आणि ती अलीकडे आदल्या वर्षीच्या डिसेंबरमध्येच होते. ‘बारावी झाली की बघू’ म्हणणाऱ्यांचे हे दार बारावीच्या वर्षातच बंद झालेले असते. दोन्ही दारे ठोठावायला हरकत नाही, पण तारखांचे कॅलेंडर अकरावीतच भिंतीवर लागले पाहिजे.

पात्रता नीट तपासा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. ४४.९० म्हणजे ४५ झाले, असे समजू नका. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर या नियमांत तुम्ही बसत नाही. हे प्रवेशाच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. आणि ज्या ताई-दादांना वाटते की आपले वय उलटून गेले, त्यांना आवर्जून सांगते, सीईटीला वयाची अट नाही. मुलांच्या शाळा सांभाळून तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या बायका आज माझ्याबरोबर कोर्टात उभ्या राहतात.

परीक्षेबद्दल थोडक्यातच सांगते. सीईटी संगणकावर होते, दोन तासांची असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटमध्ये दोन तासांत १२० प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो. तिथे अंदाजपंचे उत्तर महागात पडते. एकाच मुलाने दोन्ही परीक्षा एकाच सवयीने दिल्या तर एकीत नुकसान ठरलेले. दुसरे, थोरल्या भावाची जुनी पुस्तके वापरताना जपून. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे. जुनी गाईड पाठ करून गेलात, तर मेहनत खरी आणि उत्तर चूक असे होईल.

आणि मराठी माध्यमातल्या माझ्या मुलांनो, प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या कोर्टाचे काम मराठीत चालते. तुमची भाषा हे तुमचे बळ आहे. इंग्रजी मात्र रोज एक पान मोठ्याने वाचून जवळ करा, कारण हायकोर्टाचे निकाल त्या भाषेत आहेत आणि ते तुम्हाला वाचायचेच आहेत.

आता सगळ्यात मोठ्या विषयाकडे येते. कागद. सीईटीत ८५ पर्सेंटाईल मिळवलेला मुलगा कागदावर हरतो तेव्हा माझ्या पोटात तुटते. आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते, अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याचे कलम ८ सांगते की दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. म्हणजे तुमच्यावर. वडिलांची, चुलत्यांची, आत्याची व्हॅलिडिटी असेल तर ती आधी शोधा. नसेल तर आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. गावच्या शाळेच्या कपाटातले ते पिवळे पान तुमच्या कामाला येते. हे काम प्रवेशाच्या महिन्यात होत नाही. बारावीच्या सुरुवातीलाच अर्ज करा. सरकार कधी मुदतवाढ देते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

शाळेच्या रजिस्टरची किंमत आम्हा सातारकरांना वेगळी सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या शाळेत एका लहान मुलाचे नाव रजिस्टरमध्ये लिहिले गेले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, ते रजिस्टर जपून ठेवले आहे आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो मुलगा पुढे बॅरिस्टर झाला, १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला आणि देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या या नोंदीची मी दरवर्षी मुलांना आठवण करून देते, कारण रजिस्टरमधली एक ओळ काय असते हे त्यांना कळावे.

बाकीचे कागदही सांगते. नॉन-क्रिमीलेअर ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेता त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालू हवे, म्हणून जुने असेल तर सेतू किंवा आपले सरकार केंद्रात एप्रिल-मेमध्येच नवे काढायला टाका. जूनमध्ये तिथे अख्खा तालुका रांगेत असतो. अधिवास दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रके, पदवीच्या सगळ्या सत्रांची गुणपत्रके, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला लागत असेल तर तोही. मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे शपथपत्र. दहावीच्या गुणपत्रकावर एक नाव आणि दाखल्यावर दुसरे, असे असेल तर ती गाठ आत्ता सोडवा. स्कॅन करताना पान सपाट ठेवा, मूळ कागद रंगीत स्कॅन करा आणि अपलोड झाल्यावर फाईल उघडून शिक्का व तारीख वाचता येते का ते बघा. त्या मुलीचे वर्ष याच एका पानावर गेले.

प्रवेशाच्या नोंदणीत एक चूक दरवर्षी होते. मुले सीईटी देतात, गुण येतात आणि ती वाट बघत बसतात. सीईटीची नोंदणी आणि प्रवेशफेऱ्यांची, म्हणजे कॅपची नोंदणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकालानंतर कॅपसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, पुन्हा शुल्क भरावे लागते, कागद तपासून घ्यावे लागतात. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. ही यादी लागली की त्याच दिवशी आपले नाव, गुण, प्रवर्ग तपासा. हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. अंतिम यादीनंतर आलेली खरी तक्रारही ऐकून घेणारे कुणी नसते. कोर्टातही असेच आहे, हक्क कितीही पक्का असला तरी मुदतीत न आलेल्या दाव्याला उभे राहायला जागा नसते. माहितीपुस्तिकेचे इंग्रजी जड असते हे मला माहीत आहे. तरी ती स्वतः वाचा, पेन घेऊन वाचा, अडलेल्या ओळीखाली रेघ मारा आणि ती ओळ घेऊन कुणाकडेही जा. ‘मित्र म्हणाला’ हा पुरावा होत नाही.

आता पसंतीक्रम. गेल्या वर्षी एक मुलगा ऑप्शन फॉर्म भरायला बसला होता. त्याच्या यादीत पहिली नावे अशी, की तिथे तो कधीच जाणार नव्हता. मी विचारले, “मग टाकलीस कशाला?” म्हणाला, “मोठी नावं वर असली की बरी दिसतात.” त्याच्या मित्राने उलटेच केले होते. आवडते कॉलेज त्याने मुद्दाम खाली टाकले होते. त्याला भीती होती की अवघड कॉलेज वर टाकले तर सोपेही हातचे जाईल. मी जुन्या कॉजलिस्टचा पाठकोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि रेघा मारून समजावले. गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा घेतात, त्याच्या पसंतीतले वरचे कॉलेज बघतात, जागा असेल तर देतात, नसेल तर पुढचे. मग दुसरा मुलगा. तुमची पाळी येते तेव्हा तुमची यादीही वरून खाली वाचली जाते. म्हणून अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचे हुकत नाही. खरी आवड ज्या क्रमाने आहे, त्याच क्रमाने लिहा. आणि मिळाले तरी जाणार नाही असे कॉलेज यादीत कुठेच लिहू नका, कारण तेच मिळाले तर फेरी वाया जाते. गेल्या वर्षीचा कट-ऑफ आपल्या प्रवर्गाचा आणि त्याच फेरीचा बघा. यादी कुठवर न्यायची हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

क्रम ठरवताना त्या कागदावर मी तीन रकाने केले. घरापासून किती लांब आणि राहायचा खर्च किती. वर्षाची पूर्ण फी किती. आणि तिथे तास खरोखर होतात का. तिसऱ्या रकान्यासाठी वेबसाइट चालत नाही, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटावे लागते. लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, अभिरूप न्यायालय होते का, प्राध्यापक किती कायम आहेत, हे विचारा. बार कौन्सिलची मान्यता चालू आहे का हेही बघा. ‘हजेरी लागत नाही, नुसती परीक्षा द्या’ अशी जाहिरात करणाऱ्या कॉलेजापासून लांब राहा. नियमात ७० टक्के हजेरी आहे, आणि नियम नसता तरी सांगितले असते. चार भिंतींतल्या त्या तासांत जे ऐकायचे राहते, ते पुढे पक्षकाराच्या जिवावर शिकावे लागते.

आणि मोठे नाव मिळाले नाही म्हणून खचू नका. पी. बी. गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मले, पुण्याच्या आयएलएसमध्ये कायदा शिकले आणि १९६४ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. हे झाले नामवंत कॉलेजचे उदाहरण. पण २०२५ साली त्याच पदावर बसलेले भूषण गवई अमरावतीत शिकले. कॉलेजच्या नावाने पहिली नोकरी मिळायला मदत होते, हे मी नाकारत नाही. पण उलटतपासणीला उभे राहिल्यावर समोरचा साक्षीदार तुमचे कॉलेज विचारत नाही.

पैशाबद्दल आईवडिलांनाही दोन शब्द. जागा मिळाल्यावर फी भरताना पावती घ्या. संस्थास्तरावरच्या जागाही नियमाने आणि गुणवत्तेने भरायच्या असतात. ‘साहेबांची ओळख आहे, एवढे द्या, सीट पक्की’ म्हणणारा माणूस फाटकाबाहेर भेटेल. त्याला पैसे देऊ नका. राज्यात १९८७ पासून देणगी घेऊन प्रवेश देण्यावर कायद्याने बंदी आहे, आणि २०१५ च्या कायद्याने प्रवेशांवर व शुल्कावर देखरेख करणारी प्राधिकरणे नेमली आहेत. कायदा शिकायला निघालेल्या मुलाची पहिली पायरी बेकायदा असू नये. शिवाय कॅपमधून प्रवेश घेतला नाही तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या योजना हातून जातात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींसाठी शिक्षणशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. माझ्या ऑफिसात येणाऱ्या कितीतरी बापांना हे माहीतच नसते. मुलीला घरी बसवण्याआधी महाडीबीटी पोर्टलवर बघा, कॉलेजात विचारा, मला येऊन विचारा.

शेवटी, आत जाण्याआधी पुढचा रस्ताही बघून ठेवा. पदवीनंतर वकिलीची सनद घ्यावी लागते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा असते. आणि ‘डिग्री झाली की लगेच जज’ हे स्वप्न घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. मला ती जाचक वाटत नाही. जामिनासाठी कोर्टाच्या पायरीवर दिवसभर बसलेली आई ज्याने जवळून पाहिली नाही, त्याने खुर्चीवर बसण्याची घाई कशाला करावी? पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे इथल्याच माहुलीचे. त्यांच्या बाण्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. तो बाणा अंगी यायला आधी माणसांत वावरावे लागते.

ती मुलगी? तिने ते वर्ष घरी बसून काढले नाही. पुन्हा सीईटी दिली. गेल्या वर्षी फॉर्म तिने स्वतः भरला, आपल्या फोनवर, आपल्या नंबरने, वडिलांना शेजारी बसवून. कागद तपासणी चालू असताना एका दुपारी तिचा फोन आला. मी कोर्टात होते, बाहेर येऊन परत लावला. मनात धाकधूक होतीच. ती म्हणाली, “मॅडम, त्रुटीचा मेसेज आला होता. टीसीची मागची बाजू हवी होती त्यांना. मी लगेच टाकली, उघडून पण बघितली. विचारायला नाही, फक्त सांगायला फोन केला.”

तुमच्यापैकी प्रत्येकाने असा सांगायला फोन करावा, एवढीच माझी इच्छा.

तुमची,
सातारा जिल्हा न्यायालयातली एक वकील